टायरमध्ये पन्नास

भाईंदरजवळच्या आमच्या मुर्ध्यात नवी गाडी दारात आली की तिला नव्या सुनेसारखं घरात घेतात. ओवाळतात, नारळ फोडतात, चारी चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडवतात. एवढं सगळीकडेच करत असतील. आमच्या आईने त्यात स्वतःची भर घातली. तिचं म्हणणं, दार हाय म्हंजे उंबरा हाय आणि उंबरा हाय तर त्याची पूजा हाय. तिने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, दार जिथे येऊन बसतं त्या खांबावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं जाडजूड स्वस्तिक काढलं आणि वर हळदीची बोटं ओढली. खांबावर कसलातरी पांढरा स्टिकर होता. स्वस्तिक बरोबर त्याच्यावर बसलं. मी मोबाईलवर फोटो काढत होतो. स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, कंपनीची जाहिरात असेल.

ही गाडी मी हौसेने घेतली असं मी ऑफिसात सांगतो. खरं कारण आईचा दादूस, म्हणजे माझा घोडबंदरचा मामा. दोन वर्षांपूर्वी राई गावाच्या वळणावर आईची रिक्षा उलटली. हात मोडला, आत स्टीलची पट्टी बसली. हात जुळला, पण आई त्यानंतर कुठल्याही वाहनात बसली नाही. बाजार चालत, देऊळ चालत, लग्नं फक्त गावातली. मुर्ध्याहून घोडबंदरला काही चालत जाता येत नाही. आणि तिकडे मामा गणपतीपासून अंथरुणाला खिळलेला. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला उचलून डायलिसिसला न्यायचे. मामी रोज फोन करायची, "बाय कवा येतं, इचारतान." आई व्हिडिओ कॉलवर मामाला बघायची आणि पदर तोंडाला लावून फोन माझ्या हातात द्यायची.

शेवटी एकदा ती म्हणाली, "पोराच्या सवताच्या गारीत बसन. दुसऱ्याच्या न्हाय." तिला वाटलं असेल, हा कसला गाडी घेतोय. मी घेतली. मग तिने दुसरी अट घातली. "एकदाच बसन. भ्या वाटला तर उतरन. मंग परत मना बोलू नको."

म्हणजे मला एकच संधी होती.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. मी शहाणा माणूस. गाडीच्या बाबतीत काहीही नशिबावर सोडायचं नाही म्हणून ऑनलाइन हवा मोजायचं यंत्र मागवून ठेवलं होतं, डिजिटल, थर्मामीटरसारखं दिसणारं. सकाळी उठून चारी टायर मोजले. एक्केचाळीस. आता एक्केचाळीस म्हणजे चांगले की वाईट, हे कसं कळणार? मी गुडघे टेकून, मोबाईलची बॅटरी लावून टायरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचू लागलो. पलीकडच्या ओट्यावरून काका दात घासत म्हणाले, "काय रं, चावी परली काय खाली?" मी दुर्लक्ष केलं. आणि मला सापडलं. इंग्रजीत लिहिलं होतं, मॅक्स, एक्कावन्न.

मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त, एवढं इंग्रजी मला येतं. पण शाळेत 'जास्तीत जास्त गुण शंभर' असं वाचलं की शंभर मिळवायचे असतात, हेच आम्ही शिकलो. एक्कावन्नपैकी एक्केचाळीस? नव्याकोऱ्या गाडीला शोरूमवाल्यांनी दहाने कमी हवा भरून दिली! मनातल्या मनात मी त्यांना दोन शिव्या दिल्या आणि गाडी थेट पेट्रोल पंपावर नेली.

"कितना डालूँ?" हवावाल्याने विचारलं.

"पचास." एक मी आईच्या सुरक्षेसाठी सोडून दिला.

त्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साब, ट्रक है क्या?"

"टायर पे लिखा है," मी म्हणालो. "पढ़ना आता है मेरेको."

त्याने नळी लावली. भरली पन्नास.

आई पुढे बसली. मांडीवर मामासाठी तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. बायको मागे, हातात गाडीबरोबर मिळालेलं जाड पुस्तक. तिला वाचायची सवय आहे, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ती पूर्ण वाचते. आईने दाराच्या वरचं हँडल धरलं, डोळे मिटले आणि गावदेवीचं नाव घेतलं. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. डांबरी रस्ता लागला आणि गाडी उड्या मारायला लागली.

अगदी उड्या नाही म्हणता येणार. पण रस्त्यावर एक खडा आला तरी तो थेट आमच्या पाठीच्या मणक्यापर्यंत यायचा. भाईंदरच्या पुलावर दोन स्लॅबमधल्या सांध्यांवरून जाताना ठक, ठक, ठक असा आवाज आणि प्रत्येक ठकला डब्याचं झाकण वाजायचं. आईचे डोळे उघडले.

"गारी उरतं रं."

"नवी आहे ना आई. बसायला वेळ लागतो तिला."

"मना बसायला सांगतंस आनि गारीच बसली न्हाय अजून?"

बायको मागून हसली. मी नाही हसलो. कारण स्टिअरिंग माझ्या हातात नको इतकं हलकं लागत होतं. मीरा रोडला एका स्पीडब्रेकरवर गाडी आपटली आणि आईच्या तोंडातून एक छोटासा आवाज आला. रिक्षा उलटली तेव्हाही तिने तसाच आवाज काढला होता म्हणे. हँडलवरची तिची बोटं पांढरी पडली होती. मी एसी वाढवला. दुसरं काय करणार?

काशीमिऱ्यानंतर हायवे. दोन्ही बाजूंनी ट्रेलर. पुढच्या टँकरने अचानक ब्रेक मारला, मीही मारला. कडेच्या रेतीवर माझी गाडी जराशी घसरली. जराशीच. वीतभर. पण आईचा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत होता आणि ती मोठमोठ्याने श्वास घेत होती.

त्याच वेळी मागून बायको म्हणाली, "अहो, तुम्ही हवा किती भरलीत?"

"का?"

"इथे लिहिलंय, हवा जास्त असली तर पकड कमी होते, गाडी आदळते, खड्ड्यात टायर फुटू शकतो. किती भरलीत?"

खोटं बोलायचा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही. "पन्नास."

"पन्नास?" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की आईने मान वळवली.

"फुटल?" आईने विचारलं. "काय फुटल?"

मी गाडी कडेला घेतली. चारी इंडिकेटर लावले. शेजारून ट्रेलर गेला की अख्खी गाडी हलायची. बायकोने पुस्तकात आकडा शोधला. पुस्तक म्हणत होतं, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर पाहा. मोबाईलवर शोधलं, तर एक जण तीस म्हणाला, दुसरा तेहतीस, तिसरा छत्तीस आणि चौथा कुठल्या वेगळ्याच मॉडेलबद्दल बोलत होता. मी दार उघडलं. समोर आईचं स्वस्तिक. खालचं एक अक्षर दिसेना. मी डॅशबोर्डवरचा पिवळा फडका घेतला आणि खांबाकडे हात नेला.

"ए!"

आई एवढ्या जोरात ओरडू शकते हे मी विसरलो होतो.

"कुकू पुसायचा न्हाय."

"आई, फक्त खालचा आकडा बघतो. घरी गेल्यावर परत काढ."

"न्हाय बोलले ना. आज न्हाय. तिथं वैनी हाय."

मी फडका हातात धरून तसाच उभा राहिलो. बायकोने हळूच माझ्या हातातून तो काढून घेतला. आजारी भावाच्या दारात पोरगा कुंकू पुसून आला, हे ओझं आईला रस्त्याच्या कडेला उचलवणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

"तेहतीस करा," बायको म्हणाली. "मधला आहे. पन्नासपेक्षा शहाणाच असेल."

मी पहिल्या चाकापाशी बसलो, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि चावीच्या टोकाने आतली पिन दाबली. हवा फुस्स करून सुटली. आईने तो आवाज ऐकला. तिच्या लेखी टायर फुटला होता. तिने दार उघडलं, डबा काखेत घेतला आणि उतरली.

"मी चालत जान."

"आई, हायवे आहे हा!"

"चालतच जान. तुला सांगितला होता, भ्या वाटला तर उतरन."

आणि ती चालू लागली. पांढऱ्या पट्टीच्या आत, ट्रेलरच्या वाऱ्याने पदर उडवत, एका हाताने डबा सांभाळत. मोडलेला हात तिने छातीशी धरला होता. बायको तिच्यामागे धावली. मी एका गुडघ्यावर, अंगठ्याखाली फुस्स, आणि एक डोळा त्या दोघींवर. हवा किती सोडतोय याच्याकडे लक्षच नव्हतं. यंत्र लावलं तेव्हा त्या टायरमध्ये सव्वीस उरले होते. सकाळी पन्नासला भुललेला माणूस आता सव्वीसला रडत होता.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. पिशवीसकट सीटवर राहिला होता. मामी. मी उचलला तर पलीकडून मामाचाच आवाज आला, बारीक, मध्येच तुटणारा. "बायला दे."

मी फोन घेऊन पळालो. आईला गाठलं आणि स्पीकर लावला.

"बाय, कुठं पोचली?"

"रस्त्यात." आई थांबली नाही. "ह्यो हवा सोरतंय गारीची. मी चालत येतंय."

"चालत?"

"हा."

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग मामा म्हणाला, "तू चालत येशील, तवर मी कशाला थांबन?"

लहानपणापासून तो तिला असाच चिडवायचा. आवाजही तोच, चिडवण्याचा. आई त्याला उलट दोन ऐकवेल म्हणून मी वाट पाहिली. तिने ऐकवलं नाही. ती उभी राहिली. एक ट्रेलर गेला, दुसरा गेला. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला, कानाशी लावला आणि म्हणाली, "गप झोप. आयले."

ती वळली आणि आली तशीच चालत गाडीकडे गेली. पुढच्या सीटवर बसली. पट्टा मी लावायला गेलो तर माझा हात झटकला आणि स्वतः लावला. "सोर हवा," ती म्हणाली. "लवकर सोर."

उरलेल्या तीन टायरांची हवा मी सोडून तेहतीसवर आणली. चावीच्या टोकाने माझा अंगठा सोलला गेला. प्रत्येक फुस्सला ती खांदे आवळायची आणि सोडायची, पण उतरली नाही. सव्वीसवाल्या चाकाचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी डावीकडची लेन धरली आणि बैलगाडीला लाज वाटेल अशा वेगाने निघालो. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. एका बाइकवाल्याने शेजारी येऊन विचारलं, "अंकल, धक्का मारूँ?" आईने काचेतून त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे निघून गेला. गाडी आता उडत नव्हती. मी मध्येच आईकडे पाहिलं की म्हणायची, "पुरं रस्त्याला बघ."

घोडबंदरला मामाच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा मामी दारातच उभी होती. आई डबा घेऊन आत गेली. मी आणि बायको बाहेरच थांबलो. मी बायकोकडे पाहिलं, ती जमिनीकडे बघत होती. मग मामाचा आवाज आला, "येवरीशी बारीक झाली तू!" आणि आई म्हणाली, "आरशात बघ पयला सवताला." आम्ही दोघांनी श्वास सोडला.

मला वाटलं, संपलं. भेट झाली, जेवू, परतीचं नंतर बघू. पण तासाभराने मामेभाऊ बाहेर आला, तोंड पाडून. "दादा, बाबा हट्ट धरून बसलेत. गाडीत बसायचंय. खाडीपर्यंत नेऊन आण म्हणतात. काल डायलिसिस झालंय, आज हलवायचं नाही. तू नाही म्हण ना त्यांना."

मी नाही म्हणायला आत गेलो. मामा उशीला टेकून बसला होता. पूर्वी मिठागरात डोक्यावर टोपली घेऊन पळणारा माणूस, आता बनियनच्या आत नुसत्या बरगड्या. मी म्हणालो, "मामा, टायरची हवा बरोबर नाही, परत कधीतरी..."

"परत कवा?" मामाने विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी आईकडे. दोन वर्षं कुठल्याही चाकावर न बसलेली बाई. आज एकदाच बसन म्हणालेली. तिने मामाचा हात हातात घेतला, नाडी बघतात तसा, आणि जरा वेळ धरून ठेवला.

"उचला त्याला," ती म्हणाली. "मी बसतंय मागं."

मी आणि मामेभावाने मामाला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. त्याचे पाय सरळ करून दिले. आई मागे बसली, तिने स्वतःच दार ओढलं आणि मागून दोन्ही हातांनी मामाचे खांदे धरले. मी गाडी सुरू केली आणि घाबरून क्लच असा सोडला की गाडीने एक गचका देऊन मान टाकली.

मामा हसला. हसताना खोकला, खोकताना निळा पडला. मामी दाराकडे धावली. आईने खांदे सोडले नाहीत. खोकला ओसरल्यावर मामा हळू आवाजात म्हणाला, "बाय, तुजा पोरगा चांगला हाय. गारी न्हाय येत त्याला."

"हलू घे रं," आई मला म्हणाली. "दादूस बसलाय."