प्लायच्या आतून आलेली हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर हसणाऱ्यांतली आहे. तलासरीकडच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. दिवा आपोआप लागला की माझ्या डोक्यात लूज कनेक्शन येतं, भूत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. पण जे झालं ते झालं...

माझा नवरा नीलेश. आम्ही डहाणू रोडला राहतो. त्याने गेल्या वर्षी एक कॅम्पर व्हॅन घेतली. जुनी मोठी व्हॅन, आत बेड, छोटा फ्रिज, एसी, सिंक बसवलेलं. बोर्डीच्या किनाऱ्यावर येणाऱ्या टुरिस्टना भाड्याने द्यायची, असा त्याचा विचार. आतलं सगळं काम गुजरातच्या हद्दीतल्या एका वर्कशॉपवाल्याने केलेलं. ताब्यात घेताना मी त्याला म्हटलं, "भिंतींचा प्लाय उघडून वायरिंग दाखवा."

तो म्हणाला, "मॅडम, फिनिशिंग बगडी जशे, खराब होईल. स्विचबोर्ड बघा ना, कसा चकाचक आहे."

बोर्ड खरंच चकाचक होता. नंतर मी बऱ्याच जणांना विचारलं की हे आतलं वायरिंग तपासतं कोण? गाडीचे दिवे, ब्रेक, हॉर्न बघतात. पण बेडमागून जाणारी इन्व्हर्टरची केबल बघणारा मला तरी कोणी सापडला नाही.

पहिलं भाडं लागायच्या आधी आम्हीच एक फेरी मारायची ठरवली. नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत होती वेवजीला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पाय लांब करून झोपता येईल म्हणून व्हॅनच न्यायची. आई खूश होत्या. सगळा जन्म डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन एसटीने फिरलेली बाई... एसीत पाय पसरून म्हणाल्या, "वैशू, हे तर घरच हाय गो चाकांवरचं!"

सकाळची वेळ, लख्ख ऊन. मी आईंजवळ मागे बसले होते. घोलवड सोडलं आणि ठोकल्याचा आवाज यायला लागला. टक... टक. बेडच्या कडेच्या प्लायमधून.

"कोन ठोकते गो?" आई म्हणाल्या.

"केबल सुटली असेल आतली, हलतेय," मी म्हटलं. मला खरंच तसंच वाटलं होतं.

झाई गावात नीलेशने गाडी थांबवली. पूजेचा नारळ राहिला होता. तो इंजिन बंद करून रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला. एसी इन्व्हर्टरवर चालूच होता. गाडी जागच्या जागी उभी, काही हलत नव्हतं.

टक.

आवाज नेमका कुठून येतो बघावा म्हणून मी बोटाच्या पेराने प्लायवर एकदा वाजवलं. आतून एकदा वाजलं.

मी दोनदा वाजवलं. आतून दोनदा.

मी हात मागे घेतला. मग मी काही न करताच आवाज सुरू झाला आणि सरकायला लागला. कपाटाकडून बेडकडे, हळूहळू, कोणीतरी आतल्या बाजूने चालत वाजवत यावं तसा. आईंच्या डोक्याशी येऊन थांबला. आणि तिथे धाडधाड सुरू झाला. आईंची उशी हलत होती. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग आतून आवाज आला.

"वैशू, आईला बाहेर काढ."

नीलेशचा आवाज. अगदी त्याचाच. पण शांत. माझा नवरा साधं मीठ मागतानाही ओरडतो हो! हा आवाज असा, जसं कोणी झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोलतं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. नीलेश रस्त्यापलीकडे उभा होता, पाठमोरा. नारळ कानाशी धरून हलवून बघत होता. त्याला बघत असतानाच, माझ्या मागून, प्लायमधून, तोच आवाज पुन्हा आला.

"काढ."

कसं केलं आठवत नाही. मी आईंच्या काखेत हात घातले आणि त्यांना अक्षरशः ओढलं. त्या कळवळून ओरडत होत्या, "पाय गो, माझा पाय!" दाराच्या पायरीवरून आम्ही दोघी रस्त्यावर पडलो. नीलेश नारळ टाकून धावत आला.

"काय झालं? आईला असं का..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आईंच्या उशीमागच्या प्लायमधून धूर यायला लागला. आधी बारीक, मग काळा. बघता बघता गादीने पेट घेतला. नुकतंच जिथे आईंचं डोकं होतं, तिथेच.

मी दारातून हात घालून मेन स्विच बंद केला. धूर थांबेना. शॉर्टसर्किट स्विचच्या आधी, बॅटरीकडून येणाऱ्या केबलमध्येच होतं. मग मागचं दार उघडलं, बॅटरी तिथेच बेडखाली होती. हाताला टॉवेल गुंडाळून पान्याने टर्मिनल सोडवलं आणि बाजूला झाले. टपरीवाल्या मावशी आणि जाळी विणत बसलेल्या दोघांनी पिंपातलं पाणी मारून आग विझवली.

आईंना मावशींच्या खुर्चीवर बसवलं. पायाला काही झालं नव्हतं, देवाची कृपा. आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून त्या काळ्या पडलेल्या गाडीकडे बघत होतो. बॅटरी सुटलेली, आत कोणी नाही.

टक.

एकदाच. ते मी एकटीने ऐकलं नाही. नीलेशने ऐकलं. जाळीवाले दोघं मागे सरकले. मावशी पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "बाय, आत कोन ऱ्हायलंय का?"

वेवजीला आम्ही रिक्षाने गेलो.

पुढे मी उजेडात, दोघांना सोबत घेऊन, तो प्लाय उघडला. कारण दोन मिनिटांत सापडलं. बॅटरीची जाड केबल पत्र्याच्या उघड्या भोकातून नेलेली, भोकाला रबर नाही. धारेवर घासून इन्सुलेशन फाटलं होतं. बॅटरीजवळ फ्यूजच नाही. आगीचं कोडं सुटलं. पण प्लायमागे पोकळी नव्हती. छतापर्यंत फोम ठासून भरलेला, बोटसुद्धा जाणार नाही. न जळलेल्या भागावर मी वाजवून बघितलं... नुसता 'थप' असा मेलेला आवाज येत होता. 'टक' वाजणं शक्यच नव्हतं. आणि केबल फोममध्ये रुतलेली; गाडीच्या थरथरीने ती धारेवर घासेल, पण प्लायवर आपटणार कशी?

मी वर्कशॉपवाल्याला फोन लावला. फ्यूजवरून भरपूर सुनावलं. तो हुज्जत घालत राहिला. सगळे असंच करतात, कोणी कधी तक्रार केली नाही, वगैरे. शेवटी मी म्हटलं, "आणि आतून कसला ठोकल्याचा आवाज येत होता?"

त्याची हुज्जत तिथेच थांबली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"मॅडम... तुमच्याशी कोणाच्या आवाजात बोलला?"

आवाजाचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. फक्त ठोकल्याचं विचारलं होतं.

"म्हणजे? कोण बोलला?" मी ओरडले. फोन कट झाला. नंतर त्याने उचललाच नाही. नीलेश तिकडे जाऊन आला, तर शटर बंद. शेजाऱ्यांनाही काही माहीत नव्हतं.

ज्याने आईंना वाचवलं त्याला घाबरू नये, असं नीलेश म्हणतो. बरोबर असेल. पण तो प्लायच्या आत काय करत होता, त्याने नीलेशचाच आवाज का घेतला, हे मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा. मला फक्त एवढंच माहीत आहे, आता नीलेशने आतल्या खोलीतून हाक मारली, तर मी ओ देत नाही. आधी जाऊन बघते, तो खरंच तिथे आहे का.