सगळ्यांचं होऊ दे

मावशींनी मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रांधलं. शेवटचं ताट उठेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. मग उरलंसुरलं, गार झालेलं, ओट्यापाशी उभ्यानंच खायचं. गुडघे बोलायला लागले तेव्हा लेकीने त्यांना मोठ्या शहरात आपल्याकडे आणलं आणि पहिल्याच रविवारी हॉटेलात नेलं. मावशी हॉटेलाची पायरी जन्मात पहिल्यांदाच चढत होत्या.

वाफाळतं ताट समोर आलं, तरी त्यांचे हात मांडीवरच. वेटरने दोनदा विचारलं, "काही कमी आहे का?" मावशींनी नुसती मान हलवली. नजर मात्र टेबलांवरून फिरत होती. एक टेबल रिकामं झालं की लगेच दुसरी मंडळी येऊन बसत होती.

लेक वैतागली. "आई, जेव ना गं!"

"सगळ्यांचं होऊ दे की आधी."

लेकीने ताट त्यांच्या आणखी जवळ सरकवलं. "आई, इथली माणसं संपायची नाहीत. तू घे."

मावशींनी घास तोंडात घातला आणि त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातचं मुली असं गरम खायच्या होय गं?"