डासबाईचे काळे डबे

गल्लीत तिला सगळे डासबाई म्हणत. आरोग्य खात्याने दिलेले काळे डबे अंगणाअंगणांत टांगायचे, आतल्या चिकटपट्टीवर सापडलेले डास दर आठवड्याला तपासणीला न्यायचे आणि जाता जाता "पिंपं झाका, कुंड्यांखालचं पाणी ओता" असं घसा कोरडा होईस्तोवर सांगायचं, यात तिची हयात गेली. लोक "हो हो" म्हणत आणि तिच्या तोंडावर दार लावून घेत.

यंदा एका डब्यातल्या डासांत तापाचा विषाणू निघाला. ती धावतपळत दारोदार सांगत सुटली. तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याने अकलेचे तारे तोडले, "रोग हिच्याच डब्यात निघाला ना? मग आणला कोणी?"

झालं! संध्याकाळपर्यंत एकूण एक डबा गल्लीमागच्या उकिरड्यावर जाऊन पडला. पहिला फेकला तो तिच्या सख्ख्या जावेने.

चार सरी पडून आठवडा उलटल्यावर डासबाई तिकडे गेली. डबे काठोकाठ भरले होते, आत अळ्या वळवळत होत्या. पदर खोचून ती एकेक डबा पालथा करू लागली, तोच वरच्या खिडकीतून जाऊ ओरडली, "अहो, बघा बघा! आमच्या बाई डासांना पाणी पाजायला आल्यात!"