नऊ नंबरचा खडा

बाबांना कालव्याकाठच्या दगडांचं वेड होतं. वेड हा आईचा शब्द. बर्मिंगहॅममध्ये लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर बाग करतात, क्रिकेट बघतात, निदान पत्ते तरी खेळतात, आमचे हे दगड मोजतात, असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. बाबा शेजारीच बसलेले असायचे. त्यांच्यावर काही परिणाम व्हायचा नाही.

दगड म्हणजे खरं तर गुडघ्याएवढे काँक्रीटचे खांब. दुसऱ्या महायुद्धात जर्मन उतरलेच तर त्यांना शहराच्या तोंडाशी अडवायचं म्हणून कालव्यावरच्या पुलांपाशी पिलबॉक्स बांधले होते, म्हणजे बंदुकीपुरत्या फटी ठेवलेल्या बुटक्या, जाड भिंतींच्या खोल्या. जर्मन काही आले नाहीत. पुढे त्या खोल्या एकेक करून पाडल्या, आणि त्यानंतर कधीतरी इथल्या काही हौशी लोकांनी जिथं जिथं खोली होती तिथं एकेक खांब रोवून त्यावर नंबर कोरला. बाबा कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा असे अकरा खांब उभे होते. मग एक सुपरमार्केटच्या कार पार्कखाली गेला, दोन नव्या फ्लॅट्सच्या पायात गेले, एक बहुधा कुणीतरी बागेत लावायला घरीच नेला. बाबा दर रविवारी चालत जाऊन हजेरी घ्यायचे आणि घरी येऊन वहीत शाळामास्तरासारखं ‘हजर’, ‘गैरहजर’ लिहायचे. बाकीचेही असेच गेले, आणि शेवटी नऊ नंबर तेवढा उरला. तो घरापासून वीस मिनिटांवर, लोखंडी पुलाखाली होता.

“खोली पाडली ते ठीक आहे,” ते म्हणायचे. “पण इथं ती होती, एवढं सांगणारा एक खांब ठेवायला कौन्सिलचं काय जातं?”

हेच ते कौन्सिलला लिहायचे, हातानं, ठळक अक्षरात, सोबत स्वतः काढलेला नकाशा जोडून. नऊ नंबरला जपा, आणि बाकीचे परत बसवा. कौन्सिलकडून ‘पत्र मिळालं’ एवढंच यायचं. तेही ते फाइल करायचे. मी म्हणायचे, बाबा, ईमेल करा. ईमेल कचऱ्यात जाते, असं त्यांचं मत होतं. एकदा मी हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून थकून आले होते, आणि टेबलावर पुन्हा तो नकाशा पसरलेला बघून माझं डोकं फिरलं. “पत्रंसुद्धा कचऱ्यातच जातात बाबा,” मी म्हटलं. “इतकी वर्षं तेच चाललंय.” त्यांनी नकाशाची घडी घातली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी सॉरी म्हटलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाबा सकाळच्या चहाच्या वेळी खुर्चीतच गेले. फ्युनरलची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर मी कागदपत्रं केली, त्यांचा बस पास बंद केला, चष्मे चॅरिटी शॉपमध्ये देऊन आले. मी लोकांचं रक्त काढायचं काम करते. सुई टोचताना चेहरा कसा ठेवायचा ते सवयीचं झालंय, आणि तोच चेहरा मी घरीही ठेवला. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. माणसं भेटायला यायची, माझा हात धरून रडायची, आणि मी त्यांना साखर किती घालू विचारायचे.

क्रिमेटोरियममध्ये पडदा सरकला आणि सगळं आटोपलं. गुरुजी इल्फर्डहून फोनच्या व्हिडिओवर होते. ते म्हणाले, “आता तिथला एक जीवखडा उचला.” आमच्यात स्मशानातला एक खडा घरी आणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्या खड्यात असतो असं धरतात. त्याच्यावर रोज तीळ घातलेलं पाणी सोडतात आणि दहाव्या दिवशी तो पाण्यात सोडून देतात. खडा सुटला की माणूस सुटला. पण त्या आवारात खडाच नव्हता. सगळीकडे भादरल्यासारखी हिरवळ आणि डांबर. गुलाबांच्या वाफ्यातली लाकडाची साल उचलून मी फोनसमोर धरली. गुरुजी म्हणाले, “नाही हो, दगडच लागतो.”

पांढऱ्या साडीवर अनोरॅक जाकीट घालून आई कार पार्कात उभी होती. “त्यांच्या वाटेवरचा घे कुठला तरी,” ती म्हणाली. “आयुष्यभर दगडांतच होते.”

तिला गाडीत बसवून मी लोखंडी पुलापाशी गेले. नऊ नंबर जागेवर नव्हता. सायकलवाल्यांसाठी वाट रुंद करायचं काम चाललं होतं, नारिंगी जाळी लावली होती, आणि खांबाचे तुकडे स्किपच्या लोखंडी पेटीत बाकीच्या राडारोड्यात पडले होते. त्यातला लिंबाएवढा एक तुकडा मी उचलला. त्यावर इंग्रजी नऊचं गोल डोकं शाबूत होतं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. वहीत गैरहजर कोण लिहिणार, एवढंच मनात आलं. काँक्रीट चालतं का, हे मी गुरुजींना विचारलं नाही.

मुलगा नाही, म्हणून पाणी मीच सोडत होते. स्टीलच्या वाटीत खडा, रोज सकाळी ड्यूटीच्या आधी. सहाव्या दिवशी बाबांच्या नावानं कौन्सिलचं पत्र आलं. मी ते दारातच, कोट न काढता वाचलं. रुंदीकरणात नऊ नंबरचा खांब चुकून तोडला गेला, याबद्दल दिलगीर आहोत. तुमच्या पत्रांचा विचार करून आम्ही तो नव्यानं उभा करणार आहोत, आणि तुमच्या नकाशाप्रमाणे इतर जागीही खांब बसवू. जुन्या खांबाचा एखादा तुकडा तुमच्याकडे असेल तर कृपया कळवा, तो नव्या खांबात बसवता येईल. आमच्याकडचं सगळं डंपिंगला गेलं आहे.

पत्र मी युनिफॉर्मच्या खिशात घातलं आणि आईला सांगितलं नाही. सांगणार काय? खडा ठेवला तर तिच्या लेखी बाबा अडकले. सोडला तर त्यांनी जपा, जपा म्हणून लिहिलेलं जे काही उरलंय ते मीच कालव्यात बुडवणार. माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही, पण तिचा आहे, आणि नवरा तिचा गेला होता. इकडे आड, तिकडे विहीर. नवव्या दिवशी मी आमच्या ड्राइव्हवेमधला तसाच एक करडा खडा निवडला.

दहाव्याला आम्ही दोघी पुलाखाली गेलो. पिंड ठेवले. पहिल्यांदा कालव्यातली बदकं पुढे सरसावली, त्यांना आईनं छत्रीनं हाकललं. मग एक कावळा जाळीवरून थेट खाली आला आणि पिंडाला शिवला. वाट बघायलाच लागली नाही. “उत्तम,” गुरुजी फोनवर म्हणाले. “आता खडा सोडा.” आईकडे पाठ करून मी ड्राइव्हवेमधला खडा पाण्यात टाकला. खरा माझ्या कोटाच्या खिशात होता, रक्ताचे नमुने ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत. मी खिशात हात घातला, तो गार लागला. इतक्या दिवसांत ती पहिलीच गोष्ट मला जाणवली.

परतताना आई छत्रीनं वाटेवरची ओली पानं बाजूला सारत होती. मग म्हणाली, “नऊ कुठंय?”

मी थांबले.

“रोज ती वाटी कोण विसळत होतं? आज वाटीत होता त्याच्यावर नऊ नव्हता.”

“आई, कौन्सिलचं लेटर आलंय.”

“माहितीये. युनिफॉर्म वॉशिंगला टाकताना खिशात सापडलं. वाचलं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू काय करतेस ते बघत होते.” तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. “अगं, उत्तर आल्याशिवाय हे जाणारे होते का? आलं, म्हणून तर कावळा असा लगेच शिवला. खडा देऊन टाक कौन्सिलला. राहू दे ह्यांना त्या खांबात. दर रविवारी मी जात जाईन.”

नवा खांब मार्चमध्ये बसला. नऊचं जुनं डोकं त्यात वरच्या बाजूला आहे. त्या रविवारी आई बघून आली, बाबांची वही काढली, चष्मा लावला आणि मला विचारलं, “कसं लिहायचे गं ते?” मी सांगितलं, आधी तारीख, मग नंबर, मग हजर. तिनं तसं लिहिलं. मला तेव्हा रडू फुटलं, आणि ते थांबेचना. आईला वाटलं, हजर वाचून. बाबांच्या पत्रांबद्दल मी त्यांना जे तोडून बोलले होते, ते तिला माहीत नव्हतं. ते ज्यांना माहीत होतं, त्यांना सॉरी म्हणायचं राहून गेलं.