हात आहेत की धुकं

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला दीर्घिकांची वर्गवारी करायचं काम मिळालं. मोठ्या दुर्बिणीने घेतलेले फोटो लॅपटॉपवर यायचे. एकेक बघून ठरवायचं: या दीर्घिकेला सर्पिल हात आहेत, की नुसताच गोळा? प्रत्येक फोटो दोन माणसांनी तपासायचा, असा नियम. दुसरं माणूस म्हणून मी ताईला धरलं. ती केशोरीजवळच्या शाळेत गणित शिकवते आणि घरात तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

दुपारी आम्ही चहा घेऊन बसायचो. निम्मे फोटो असे, की लॅपटॉपची काच पुसावीशी वाटे.

"हात दिसतेत का वो ताई?"

"कायचे हात? धुकं होय ते."

बोलून बोलून एकमत झालं, की दोघी आपापल्या खात्यात तेच उत्तर भरायचो. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. आजही धानाला पाणी सोडायचं तर आधी सगळे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसतात, तावातावाने भांडतात आणि उठताना सगळ्यांचं म्हणणं एकच असतं.

मग नागपूरहून माझ्या प्रकल्पाच्या सरांचा फोन आला. "तुमच्या दोघींची उत्तरं एकदाही वेगळी नाहीत. असं होत नसतं. नजरा कुठे वेगळ्या पडतात, तेच तर बघायचंय. वेगवेगळ्या बसून सगळं पुन्हा करा, नाहीतर प्रकल्प ग्राह्य धरता येणार नाही."

माझं डोकंच चालेना. भांडण मिटवलं म्हणून शिक्षा?

ताई शाळेचा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसली, मी माझा घेऊन ओसरीवर. पहिल्याच फोटोवर बोट अडलं. मला अंधुक हात दिसत होते. पण ताईला ते दिसणार नाहीत हेही माहीत होतं, आणि तसं मनात येताच मलाही दिसेनासे झाले. चिडून लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. शेवटी डोळे सांगतील ते भरत गेले.

या वेळी बऱ्याच ठिकाणी आमची उत्तरं वेगळी निघाली. सर खूश झाले, प्रकल्प वाचला. मी आनंदाने ताईला दाखवायला गेले. ती बराच वेळ माझी उत्तरं बघत राहिली.

"तुले हे आंधीपासूनच दिसून राहिलं होतं?"

"मालूम नाई."

"मंग तवा हो काऊन म्हणली?"

मी आठवून बघितलं. रडू यायला लागलं.

ताईने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "आनखी कायकायले असंच हो म्हणली तू?"