दोन पलंग आणि मधलं टेबल

आदर्श संसार कसा असतो, हे अमेरिकेने गेल्या शतकाच्या मध्याला काळ्यापांढऱ्या मालिकांमधून साऱ्या जगाला शिकवलं. सीमेच्या अलीकडे, आमच्या मार्कहॅमच्या घरातल्या बेसमेंटमध्ये ते शिक्षण काही दशकं उशिरा पोचलं, आणि त्यातून आम्ही फक्त पलंग कसे मांडायचे एवढंच शिकलो.

माझे आईबाबा गेल्या ऑक्टोबरात नागपूरहून आले. बाबा निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त हा शब्द फक्त त्यांच्या शाळेपुरता खरा आहे. दुपारचं जेवण झालं की ते खाली सोफ्यावर बसत आणि जुन्या अमेरिकन मालिकांचं चॅनल लावत. उच्चार कळत नाहीत म्हणून पडद्यावर खाली अक्षरं चालू ठेवत. नवरा संध्याकाळी घरी येतो, हॅट खुंटीला लावतो, बायको मोत्यांची माळ घालून केर काढते, मुलगा खोटं बोलतो आणि विसाव्या मिनिटाला बापाचे दोन शब्द ऐकून सुधारतो. "यांच्याकडेही तेव्हा संस्कार होते," असं बाबा मला हाक मारून सांगत. आपल्या शाळेत वीस मिनिटांत सुधारलेला एक तरी मुलगा त्यांना भेटला होता का, हे विचारायचं मी टाळलं.

आई शेजारी लसूण सोलत बसे. तिचं लक्ष गोष्टीत कमी आणि त्या लोकांच्या घरात जास्त. जानेवारीत एका सकाळी चहा गाळता गाळता तिने मला सांगितलं की खालचा डबल बेड काढून दोन सिंगल पलंग टाकायचे, मध्ये छोटं टेबल, टेबलावर दिवा. टीव्हीतल्या नवराबायकोंचे असेच असतात. इकडची पद्धतच आहे म्हणे.

मी तिला समजावलं. त्या काळी चॅनलवाल्यांना लोक काय म्हणतील याची धास्ती होती, म्हणून ते पडद्यावरच्या जोडप्यांना वेगवेगळं निजवत. खऱ्या घरांत तसं नव्हतं. असतं, तर त्या मालिकांमध्ये मुलं कुठून आली असती? आई म्हणाली, असेल, पण पलंग दोनच आण. बाबा समोर पोहे खात होते. कोणाची तरी चूक दुरुस्त करायची इतकी सुरेख संधी समोर असताना ते गप्प राहिले. मला तिथेच संशय आला.

मग दिसायलाच लागलं. घर गरम असताना आई पूर्ण बाह्यांचा स्वेटर काढेना. एकदा न्हाऊन केस वाळवताना तिच्या दंडावर जांभळा डाग दिसला. विचारलं, तर लाँड्रीच्या दाराची मूठ लागली म्हणाली. मी खाली जाऊन त्या दाराला खेटून उभी राहिले. मूठ माझ्या कमरेपर्यंत येत होती, आणि आई माझ्याहून बोटभर उंचच आहे.

बाबांची पट्टी वर्गात चालायची हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. घरात कधी चाललेली मी पाहिली नव्हती. पण मला घर सोडून वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत माणसाचं काय होतं ते व्हिडिओ कॉलवर कळत नाही. तिथे फक्त त्याचं कपाळ दिसतं.

माझा नवरा म्हणाला, आधी पलंग आणू, चौकशी मागाहून कर. मला ते पटेना. पलंग आले की प्रश्न मिटल्यासारखा दिसला असता, आणि तो डाग कसा पडला ते कधीच कळलं नसतं. त्याच चॅनलवर कोर्टाची एक मालिका लागायची. शेवटच्या पाच मिनिटांत खरा गुन्हेगार स्वतःच उभा राहून सगळं कबूल करायचा. मी तशाच कबुलीची वाट बघत होते, आणि दरम्यान बाबांना कोमट चहा देत होते.

एका गुरुवारी मी घरूनच काम करत होते. मीटिंग संपवून खाली गेले. कोर्टाचीच मालिका चालू होती, साक्षीदाराला घाम फुटला होता. बाबा सोफ्यावर झोपले होते आणि आई त्यांच्याजवळ नव्हे, पार कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. मी हेही मनात टिपून ठेवलं. एवढ्यात बाबा झोपेतच काहीतरी पुटपुटले. आई झटकन उठली आणि टीपॉयवरचा कप उचलून मागे सरली. मगच बाबांचा हात वर गेला आणि सोफ्याच्या कडेवर आदळला. "हट, हट," म्हणत त्यांनी लाथ मारली. टीपॉय आडवा झाला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. कप वाचला, कारण आईला सवय होती.

तिने लांबूनच हाका मारून त्यांना जागं केलं. त्यांनी आडवा टीपॉय पाहिला, मग मला पाहिलं. पकडला गेलेला मुख्याध्यापक मी त्याआधी पाहिला नव्हता.

"दंडावरचं हेच का?" मी आईला विचारलं.

"कुत्रे मागे लागतात यांच्या झोपेत. हाकलायला जातात, अन् बाजूला मी असते."

"मग सरळ सांगायचं न. त्यात अमेरिका काहून आणली?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टीव्ही बंद केला. पडद्यावरचा माणूस आता कबूल करणारच होता.

"ते मी सुचवलं," बाबा म्हणाले. "बायकोला मारतो, हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगू?"

"जागेपणी कधी हात नाही उगारला यांनी," आई म्हणाली. "झोपेतलं धरायचं नसतं."

डिसेंबरपासून रात्री तिला झोप लागली की बाबा सोफ्यावर येऊन बसत आणि जागं राहायची धडपड करत. पहाटे थकून परत तिच्या शेजारी आडवे झाले की कुत्रे येतच. दुपारी डुलक्या लागायच्या त्या म्हणूनच. चहा कोमट असतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेवढी शिक्षा त्यांना रास्त वाटली होती.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाबांना चालायला लावलं, हात पुढे धरायला सांगितले आणि बराच वेळ बोटांकडे बघत राहिल्या. झोपेत असे हातपाय झाडणं हा आजार असतो, म्हणाल्या. पुढे तो कंपवाताच्या वाटेने जाईल का, ते मेंदूच्या तज्ज्ञाने बघायला हवं. तज्ज्ञाची तारीख ऑगस्टची मिळाली. तोवर पलंगाजवळ काचेचं काही ठेवू नका आणि दोघं वेगवेगळं झोपा. म्हणजे घाबरट चॅनलवाल्यांनी जे ठरवलं होतं तेच. परतताना बाबांनी गाडीत मला हे तीनदा ऐकवलं. ऑगस्टबद्दल ते एकदाही बोलले नाहीत.

शनिवारी आम्ही वॉनमधल्या फर्निचरच्या गोदामातून दोन पलंग, टेबल आणि प्लॅस्टिकचा दिवा आणला. नवऱ्याने दुपारभर बसून सगळं जोडलं. दिवा रात्रभर चालूच असतो. बाबांचे हात कुठे आहेत ते आईला तिच्या पलंगावरून दिसायला हवं.

खोली आता हुबेहूब त्या मालिकांमधल्यासारखी झाली आहे, असं बाबांचं मत आहे. फक्त बाबांच्या पलंगामुळे वॉशरूमचं दार अर्धंच उघडतं, आणि दोघांनाही अंग तिरकं करून आत शिरावं लागतं.