आमचे इवाई पक्षी बघायला निघतात

आमच्या इवायांनी जन्मात एकही गोष्ट सहज म्हणून केलेली नाही. त्यांना शिंक आली तरी ते आधी रुमाल काढतात, मग वाऱ्याची दिशा पाहतात, मग शेजारच्याला "भाऊ, जरासे सरकता का" म्हणतात आणि तोवर शिंक कंटाळून परत गेलेली असते. इवाई म्हणजे व्याही. माझ्या सुनेचे वडील. पुण्यामुंबईकडे 'व्याही' म्हणतात, पण त्या शब्दाला आमच्याकडच्या इवायाचं वजन नाही. इवाई म्हटला की त्याला 'नाही' म्हणायची सोय उरत नाही. ते राहतात सिंदेवाहीला आणि मी चंद्रपूरला. मुलांच्या लग्नात मुलगी सासरी निघाली, सगळा मांडव गहिवरला, तेव्हा हे मोठ्यानं म्हणाले होते, "ज्याले रडाचं असन त्यानं आत्ताच रडून घ्या. गाडीत चहा हाय, तवा हात मोकळे पायजेत." आणि लोकांनी खरोखर आटोपशीर रडून घेतलं. एवढ्या सगळ्यांच्या रडण्याची व्यवस्था लावताना स्वतःसाठी वेळ काढायची तेवढी राहून गेली, आणि चहाच्या वेळी कप हातात धरून हे एकटेच रडत बसले.

त्यांची सगळी नोकरी धानाच्या एका बियाणे-फार्मवर गेली आणि त्यातलं मुख्य काम लोंब्या भरल्यावर पाखरं हाकलण्याचं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्षीनिरीक्षणाचा छंद धरला, तेव्हा एखाद्या फौजदारानं गावातल्या चोरांचे फोटो काढून भिंतीवर लावावेत तसं आम्हाला वाटलं. लेकीनं दुर्बीण घेऊन दिली. ती डोळ्यांना लावून ते पक्ष्याकडे पाहायचे ते आधी संशयानंच. जगातल्या पक्ष्यांचे त्यांनी दोनच भाग केले होते: धान खाणारे ते गुन्हेगार, न खाणारे ते निरपराध. मुनियेचा इवलासा गोंडस थवा तारेवर बसला आणि मी "किती सुंदर!" म्हणालो, तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इवाई, चेहऱ्यावर जाऊ नका." खंड्या, सुतार, कोतवाल यांच्याबद्दल मात्र त्यांना उतारवयात अपार जिव्हाळा वाटू लागला. इतकी वर्षं शेजारी राहून आपण या सज्जनांकडे पाहिलंसुद्धा नाही, याची त्यांना मनापासून खंत होती.

गेल्या वर्षी आमच्या मुलानं आणि सुनेनं आम्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मे महिन्यात कोकणात न्यायचं ठरवलं. पुढ्यात समुद्र आणि पाठीशी घाट असं कुठलंसं गाव होतं. माझी अपेक्षा आंबे खाऊन झोपण्यापलीकडे नव्हती. इनबाईंची, म्हणजे इवायांच्या बायकोची, एकच इच्छा होती: समुद्रात पाय बुडवायचे. त्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पण होळीच्या सुमारास इवायांचा फोन आला. "इवाई, त्या सुटीतला एक दिवस मले पायजे. सकाळी घाट, संध्याकाळी समुद्र. पूर्ण दिवस पक्षी." मी "बरं" म्हणालो आणि आमच्या घरात उन्हाळा वेळेआधीच लागला.

कारण त्या दिवसापासून हुकूम सुटायला लागले. कपडे मातकट रंगाचे हवेत. आमची ही म्हणाली, "माझ्याजवळ मातकट लुगडं नाई. कोकणात मी काय माती होऊन जाऊ?" तर पुढच्याच आठवड्यात सिंदेवाहीहून वाळक्या पानाच्या रंगाची साडी आली, तीही रीतसर आहेर म्हणून, हळदीकुंकवाची पुडी लावून. इवायांकडचा आहेर परत कसा करणार? "असा रंग मी पायपुसण्यालेही घेत नाई," असं पुटपुटत हिनं ती कपाटात ठेवली. बांगड्यांवर रुमाल बांधायचा. चिवड्याला बंदी, कारण तो कुरकुरतो. शेंगदाण्याला बंदी, पापडाचं तर नावच नको. बराच विचार करून त्यांनी शिरा हा एकमेव मुका पदार्थ मंजूर केला. मग एक दिवस त्यांना कुठूनसं कळलं की, समुद्रावरचे कुरव पक्षी थंडीपुरतेच येतात आणि उन्हाळ्याआधी निघून जातात. हा त्यांना खाजगी अपमान वाटला. "आपण येऊन राह्यलो अन् ते निघाले? मानसं असती तर सोयरीक तोडली असती!" दोन दिवस ते फोनवर नीट बोलले नाहीत. शेवटी सुनेनं त्यांची समजूत घातली की, समुद्रगरुड बारमाही आहे, आणि घाटात तर शीळकरी कस्तुर आहे. हा काळानिळा पक्षी ओढ्याकाठी पहाटे माणसासारखी लांब, रमतगमत शीळ घालतो. तिनं त्या शिळेचं रेकॉर्डिंगही मोबाईलवर पाठवलं.

ते ऐकलं आणि इवाई समुद्रगरुडाला विसरले. दिवसभर कानाला फोन लावून ते ती शीळ ऐकत. "आमच्या घरात शिटी मारणारा भाडेकरू आला," इनबाई हिला सांगायच्या. एकदा सिंदेवाहीच्या बाजारात मोठाच घोळ झाला. इवाई भाजी घेत होते आणि खिशातल्या खिशात फोन सुरू होऊन त्यातून शीळ निघायला लागली. समोर वांगी निवडणारी बाई उठून उभी राहिली. "काऊन हो भाऊ, केस पांढरे झाले तरी शिट्या मारून राह्यले?" इवाई ताठ झाले. "कोण मारून राह्यला? मले दाखवा, मी पाहातो त्याले!" आणि ते कमरेवर हात ठेवून बाजारभर त्या मवाल्याला शोधू लागले. शीळ त्यांच्या छातीवरच वाजत होती. शेवटी इनबाईंनी गर्दीतून येऊन त्यांच्या खिशात हात घातला आणि फोन बंद केला. हा किस्सा ऐकून आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. त्यात हसण्यापलीकडे काही असेल, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

कोकणात जायच्या थोडे दिवस आधी इवायांनी आम्हाला सिंदेवाहीला बोलावून घेतलं. कशाला, तर तालमीला! "ऐन टायमाले गडबड नाई पायजे." उजाडायच्या बेताला आम्ही चौघं गावाबाहेरच्या तलावावर निघालो. तेंदूपत्त्याचे दिवस असल्यामुळे रस्त्यानं बायामाणसं भराभर जंगलाकडे चालली होती. रुमालात गुंडाळलेल्या बांगड्या आणि वाळक्या पानाच्या साड्या बघून त्यातली एक इनबाईंना म्हणाली, "बाई, कोनाच्या मयतीले चालले का?" इनबाई म्हणाल्या, "नाई वो, पाखरं पाहाले." ती बाई बराच वेळ मागे वळून वळून बघत गेली.

तलावाच्या बांधावर चढल्यावर इवायांनी हात पसरले. "हे पाळ म्हणजे घाट. हे पाणी म्हणजे समुद्र."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही चुप."

मी जन्मभर वर्गात मुलांना गप्प बसवलेला मास्तर. निमूटपणे पाळीवर बसलो. इवाई आमच्यासमोर उभे राहून शांततेवर बोलू लागले. जंगलात आवाज कसा करू नये, हे ते इतक्या खणखणीत आवाजात सांगत होते की, तलावाच्या दुसऱ्या टोकाचे बगळे उठून गेले. आणि तेवढ्यात मागच्या बांबूच्या रांजीतून, म्हणजे बेटातून, दोन सुरांची गोड शीळ आली. आमची ही एकदम म्हणाली, "आयकलं का?" पुन्हा शीळ आली. इनबाईंनी मान हलवली. मीही बोट वर केलं. इवाई मात्र बोलतच होते. "मेन गोष्ट म्हणजे कान. डोळ्याच्या आधी कान. कान उघडे ठेवा!" पक्षी शीळ घालत होता, आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो, आणि ते कानाचं महत्त्व सांगत होते.

मग तो पक्षी स्वतःच पाचोळ्यात उतरला. नवरंग! अंगावर इतके रंग की जणू कुणी होळीतून पळून आलंय. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या जंगलात येणारा हा पाहुणा दिसायला फार अवघड. तो इवायांना दिसला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला, दुर्बीण अर्धी वर गेली, आणि दुसऱ्याच क्षणी जन्माच्या सवयीनं दोन्ही हात वर उडाले, टाळी वाजली आणि तोंडातून आरोळी निघाली, "हाऽऽऽ हुर्रर्र!" नवरंग गेला. तलावावर होतं नव्हतं ते सगळं पाखरू गेलं. लांब कुठंतरी कुत्री भुंकायला लागली. इवाई आपल्याच हातांकडे बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हे हात कोकणात बांधून ठेवा लागतीन."

परत येताना ते पुढं झपाझप चालत होते. मागे इनबाईंनी आम्हाला सांगितलं, "यायले आता बारीक आवाज येत नाई. मोठ्यानं बोललं तर समजते. पाखराचं काईच समजत नाई. म्हणतात, यंदा पाखरं कमी बोलून राह्यली. मी म्हणते, हो, उन्हाळा लय हाय ना."

"मग पोरीले सांगाचं ना," आमची ही म्हणाली.

"नोको बाई. ते डॉक्टर करन, मशीन आणन. हे म्हणतीन, म्हातारा झालो, मी कोकणात येत नाई. किती दिवसांपासून करून राह्यले हे सारं." इनबाई थोडं चालून म्हणाल्या, "एकदा ते शिटी आयकून येऊ द्या त्यायले. मंग पाहू."

फोन कानाला दाबून, आवाज पूर्ण मोठा करून ऐकलेली शीळ आणि ओढ्याकाठच्या झाडातून येणारी शीळ यांत किती अंतर असतं, ते मला कळत होतं. पण सांगणार कोण आणि कुणाला? इवाई पुढून ओरडले, "मागं गप्पा नोको! पाखरं उडतात!"

कोकणात ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे मातकट होऊन गाडीत बसलो. मुलगा आणि सूनसुद्धा. चिवडा घरी ठेवला होता आणि हातात शिऱ्याचा डबा होता. घाटातल्या एका ओढ्याकाठी गाडी थांबली. पाणी आटत आलेलं, खडकांमधून बारीक धार तेवढी वाहत होती. इवायांनी प्रत्येकाला दगड नेमून दिला, स्वतः मध्ये बसले, हात मांडीखाली दाबून धरले. आम्ही वाट बघत राहिलो.

आणि शीळ आली. त्या रेकॉर्डिंगमध्ये तिची निम्मीसुद्धा गंमत नव्हती. पहाटे गुरं घेऊन निघालेल्या एखाद्या रिकामटेकड्या माणसानं आपल्याच नादात घालावी तशी ती शीळ. चाल पुरी करायची त्याला काही घाई नव्हती. मध्येच थांबायची, जणू पुढचं आठवत नाही, आणि मग भलतीकडूनच पुन्हा सुरू व्हायची. सुनेनं माझ्या मुलाचा हात धरला. इवाई समोर बघत, ओठांवर बोट ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "चुप राहा हं. आता सुरू होईन."

सुनेनं वळून वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली ओढ्याकडे बघितलं. तिला काय ते कळलं असावं, कारण ती उठायला लागली. पण त्याआधीच इनबाई उठल्या होत्या. आपला नेमून दिलेला दगड सोडून त्या इवायांच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या. हाताचा आडोसा करून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि शीळ घातली.

आमच्या हिचा आ वासला. चारचौघांत पदर ढळू न देणाऱ्या इनबाई ओठांचा चंबू करून शीळ घालत होत्या! दिवसभर घरात वाजून वाजून ती चाल त्यांना पाठ झाली होती. तो पक्षी थांबला की त्या थांबायच्या, तो लागला की एक श्वास मागून त्या. सूर कुठे लागायचा, कुठे नुसती हवाच जायची. इवाई आधी दचकले. मग दगडासारखे स्थिर झाले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी म्हणाले, "हे तू होय का तो होय?"

"हवा गेली ते मी," इनबाई म्हणाल्या, "बाकी तो."

इवाई झाडाकडे बघत म्हणाले, "मस्त हाय. त्याले म्हणा, घाई नोको करू."

त्या दिवशी कस्तुर कुणाला दिसला नाही. संध्याकाळी समुद्रावर समुद्रगरुडही आला नाही, कावळे तेवढे होते. इवाई म्हणाले, "आमच्याकडून आले असतीन पाठलाग करत." पण दुर्बीण त्यांनी म्यानातून काढलीच नाही. इनबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या मागे उभं राहून ते लाटांची व्यवस्था बघत होते. "हे सोडून दे, लहान हाय. पुढची घे, ते मोठी हाय. साडी वर घे!" आणि मोठी लाट इनबाईंना सोडून यांनाच कमरेपर्यंत भिजवून गेली.

पुढे सुनेनं जे करायचं ते केलं. डॉक्टर झाला, कानाचं यंत्र आलं. इवायांनी फार खळखळ केली नाही. आता फोनवर मला ओरडावं लागत नाही. उलट तेच म्हणतात, "इवाई, हळू बोला, मले सारं आयकू येते." टीव्हीसमोर, बाजारात, कीर्तनात, यंत्र कानात असतं.

गेल्या महिन्यात आम्ही सिंदेवाहीला मुक्काम केला. सकाळी चहा घेऊन मी अंगणात आलो, तर दोघं तलावाकडे निघून गेलेले. आणि फळीवर ती यंत्राची डबी तशीच, आत यंत्रासकट. विसरले असतील म्हणून मी ती उचलून मागोमाग गेलो. वाटेवरच्या बाभळीपाशी पोचलो तेव्हा ते दोघं लांब पाळीवर दिसले. इवायांच्या डोळ्यांना दुर्बीण होती. इनबाई त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होत्या. मध्येच त्या थांबल्या, हाताचा आडोसा केला आणि त्यांच्या कानाशी झुकल्या. कोणता पक्षी होता कोण जाणे. एवढ्या अंतरावरून मला काहीच ऐकू आलं नाही. डबी मुठीत धरून मी तिथंच बाभळीखाली उभा राहिलो.